आईंच्या डोक्याची वाटणी

मु. पो. धसई, ता. मुरबाड
जानेवारी २००४

प्रिय संघरत्नाताई,

तुम्हाला आणि भाऊजींना आम्हा सर्वांकडून सप्रेम जयभीम, मुलांना गोड पापा. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? जिना चढू देतो का, की अजून भाऊजीच खालून पाणी आणतात? (आणत असतील तर आणू द्यात, त्यानिमित्ताने त्यांचं पोट जरा आत जाईल. हे त्यांना वाचून दाखवू नका.) इकडे सगळी खुशाली आहे. भात झोडून झालं, तुमच्या दादांचा खोकला गेला, गाय व्यायली आणि कालवड झाली. आईंची तब्येत तर इतकी छान आहे की मला बघवत नाही. घाईत काहीतरी भलतंच लिहिलं असं समजू नका, विचार करून लिहिलं आहे. कारण पुढे येतंय.

खरं तर बाजारातल्या पीसीओवरून फोन करणार होते. पण आपण बोलायला लागलो की महादूशेट पंखा बंद करतो आणि काचेवर टकटक करून विचारतो, आवाज नीट येतोय ना. मला येतो की नाही कोण जाणे, त्याला मात्र व्यवस्थित येतो. मागे मी माहेरी फोन करून मूळव्याधीचं औषध विचारलं होतं (तुमच्या दादांसाठी), तर दुसऱ्या दिवशी भाजीवालीने मला मिरच्या देताना हात आखडता घेतला. म्हणून पत्र. वरच्या आळीतला मुकेश तिकडच्या कंपनीत कामाला आहे, त्याच्या हाती देते आहे. आपला भूषण रोज मोटरसायकलने तुमच्या बिल्डिंगवरून जातो, मग त्याच्या हाती का दिलं नाही असं तुम्ही विचाराल. कारण पत्र त्याच्या बायकोबद्दल आहे आणि तो वाटेत किन्हवलीला चहाला थांबतो. चहाच्या वाफेवर पाकीट उघडतं असं मी ऐकलं आहे.

ताई, आपल्या घरातला रविवार कसा असायचा तुम्हाला माहीत आहे. सकाळी विहारात वंदना (म्हणजे प्रार्थना, मी नव्हे. मी तेव्हा घरी भाकऱ्या थापत असते), मग जेवणं, आणि भांडी घासून मी ओट्यावर पाय पसरले की आई फणी घेऊन माझ्यापुढे येऊन बसायच्या. माझं लग्न झाल्यापासून हे असंच. आठवडाभर आमचं किती का वाजलेलं असेना, भात चिकट झाला म्हणून, कोंबडी शेजारी अंडी घालते म्हणून, मी मोठ्याने बोलते म्हणून आणि मी काहीच बोलत नाही म्हणून, रविवारी त्या तोंडातून शब्द न काढता येऊन बसायच्या आणि पाठीवर केस सोडायच्या. मी तेल घालायची. थोड्या वेळाने त्यांची मान सैल पडायची, मग त्या आळीतल्या कुणाच्या तरी सुनेबद्दल वाईट बोलायला लागायच्या, आणि मला कळायचं की आमचं मिटलं. आम्ही एकमेकींची माफी कधी मागितली नाही. तशी वेळच आली नाही, कारण रविवार यायचा. तेल साधं खोबरेल. थंडीत डब्यात दगडासारखं बसायचं, मग डबा चुलीच्या कडेला ठेवायचा. त्यात कुणाला काही शोध लावायचा आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मे महिन्यात जया माझी जाऊ होऊन आली. तिची पेटी उचलताना भूषणच्या कमरेत लचक भरली, तेव्हा आळीतल्या बायका म्हणाल्या, शहापूरवाल्यांनी भांडी भरपूर दिलेली दिसतात. उघडली तर साड्यांच्या घड्यांमध्ये बाटल्या. एकेका बाटलीला कागद चिकटवलेला आणि त्यावर सुंदर अक्षरात तेलाचं नाव. (अक्षरही सुंदर. एका माणसाने सगळंच सुंदर घेऊन यायचं म्हणजे काय.) तिने शहापूरला घरगुती तेलं आणि उटणी करण्याचा वर्ग केला आहे. पहिल्याच आठवड्यात तिने ओट्यावर सगळ्या बाटल्या मांडल्या आणि आईंना समजावून सांगितलं की आपण पाला घालतो, मुळ्या घालतो, त्यांचा गुण केसापर्यंत नेण्याचं काम तेल करतं, म्हणून त्याला वाहक तेल म्हणतात. तुमचे दादा म्हणाले, म्हणजे एसटीतल्यासारखं. ती हसली. आई हसल्या. तेच मी म्हटलं असतं तर आईंनी विचारलं असतं, भांडी झाली का.

मग एकेका तेलाची ओळख परेड झाली. खोबरेल केसाच्या आत शिरतं, म्हणून तुटणाऱ्या केसांना तेच बरं. तिळाचं थंडीत चांगलं. एरंडेल नुसतं लावायचं नाही, फार घट्ट असतं, दुसऱ्या तेलात थोडं मिसळायचं. करंजाचं खाजेला आणि उवांना, वास सोसवत असेल तर. बदामाचं तोंडाला. मी विचारलं, आणि आपली खुरासणी? तर नाक जरासं, अगदी जरासंच मुरडून म्हणाली, "ती भाजीला बरी, ताई. डोक्याला चिकट होते." ताई, आपल्या शेतात पिकलेली, मी वाळवलेली, घाण्यावर डोक्यावरून नेऊन गाळून आणलेली खुरासणी. माझा तिळपापड झाला. आणि आई? आई प्रत्येक बाटलीचं बूच काढून वास घेत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, "बघू गो, तुझं कसं लागतं ते." तो रविवार होता. माझी भांडी घासून व्हायची होती. बाहेर आले तर आई जयापुढे बसलेल्या, मान सैल, आणि कुणाच्या तरी सुनेबद्दल वाईट बोलणं चाललेलं. ती सून कोण हे ऐकायला मी थांबले नाही. मला साधारण अंदाज होता.

माणसाला इतकं लागू नये, हे मलाही कळतं. सासूचं डोकं ते, काय त्याच्यावर शेत पिकतं? पण ताई, मला लागलं. मी गोठ्यात जाऊन गायीजवळ रडले. गाय बरी असते, विचारत नाही.

मग मी ठरवलं की तेल आपल्यालाही येतं. बाजारातून तिळाचं तेल आणलं. परसातलं जास्वंद, बांधावरचा माका आणि कढीपत्ता भल्या सकाळी तोडला, दंवासकट, आणि तसाच कढलेल्या तेलात टाकला. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. चूल, भिंत आणि तुमच्या दादांचा नवा शर्ट यांना तेल लागलं, डोक्याला तेवढं लागलं नाही. उरलेलं बाटलीत भरून ठेवलं, तर आठ-पंधरा दिवसांनी वर पांढरी बुरशी. जया म्हणाली, "पाला सावलीत सुकवून घ्यायचा असतो, ताई, पाण्याचा अंश राहिला की तेल खराब होतं. मी सांगितलं होतं ना त्या दिवशी." सांगितलं होतं हे खरं आहे. पण तिने सांगितलं होतं म्हणूनच तर मी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर खुरासणी. चिकट होते म्हणते म्हणजे काय, आपलं तेल आहे, लावून तर बघू. आईंवर एकदम प्रयोग नको म्हणून तुमच्या दादांना समोर बसवलं. त्यांना डोक्याला कुणी हात लावला की झोप येते, त्यामुळे त्यांनी हरकत घेतली नाही. भरपूर चोळलं. ओलं होतं तोवर केस झकास चमकत होते, मी जयाला ऐकू जाईल अशा आवाजात तसं म्हणालेही. संध्याकाळी ते गोठ्यात कालवड सोडायला वाकले आणि गायीने त्यांचं डोकं चाटायला सुरुवात केली. आपण तिला रोज खुरासणीचीच पेंड घालतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एकदा चाटून थांबेल तर ती गाय कसली. ते पुढे, गाय मागे, दावं तोडून. आळीभर. शेजारच्या लखमाची म्हैसही मग मान वर करून हुंगायला लागली. तुमचे दादा ओट्यावर चढले तेव्हा त्यांचे केस सगळे एका बाजूला वळलेले होते, आणि खरं सांगते, तो भांग त्यांना शोभत होता. पण ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि त्यांच्यासाठी रविवारची सोय नाही. रात्री उशी डोक्याला चिकटून वर यायची. शेवटी जयाने रिठ्याचं पाणी करून दिलं, त्याने निघालं. म्हणजे तिथेही तीच.

आता तोंडाचं सांगते. जयाचं तोंड तुम्ही लग्नात पाहिलं, पण तेव्हा पावडर होती म्हणून कळलं नसेल. बिनपावडरीचं जास्त चांगलं आहे. बचत गटाच्या बैठकीला बायका हिशेब सोडून तिच्या गालांकडे बघतात. मी गटाची अध्यक्ष आहे, माझ्या गालांकडे आजवर कुणी बघितलं नाही. सिद्धगडाकडची भागी करंजाच्या बिया घेऊन बाजाराला येते, तिच्याकडून मी गाळलेलं तेलच आणवलं आणि शनिवारी झोपताना तोंडाला फासलं. (खाजेला चांगलं म्हणजे कातडीला चांगलंच असणार, असा माझा हिशेब.) सकाळी दोनदा साबण लावला. त्या रविवारी भाकऱ्या लवकर आटपून तोंड दाखवायला विहारात जाऊन बसले तर माझ्या दोन्ही बाजूच्या बायका हळूहळू सरकत भिंतीला टेकल्या आणि आईंनी मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जुन्या तेलाचा दिवा कुनी लावला गो?" दिवा कुणी लावला नव्हता. मी शेवटपर्यंत डोळे मिटून बसले. बायकांना वाटलं माझी श्रद्धा वाढली.

या सगळ्यात एक मात्र झालं. मी दर रविवारी भांडी इतक्या जोरात घासायला लागले की आईंना ओट्यावर बोलणं ऐकू येईना. एकदा त्या आत आल्या, माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "डोकं माझं हाय, वाटनीबी मीच करनार. डावीकडचं वंदीचं, उजवीकडचं जयाचं. भांग हा बांध. बांध कुनी कोरायचा नाय." आणि खरंच, ताई, दर रविवारी त्या मधोमध बसायला लागल्या, डावीकडे मी, उजवीकडे ती. मी माझं खोबरेल लावायची, ती तिचं एरंडेल घातलेलं. आळीतल्या बायका मुद्दाम त्या वेळेला ताक मागायला यायच्या. आईंची तर चंगळ. पण बारीक बघितलं की कळायचं, मान सैल पडली की ती उजवीकडे पडते. एकदाही डावीकडे पडली नाही. मी म्हटलं, आई, मान सरळ ठेवा. त्या म्हणाल्या, "उतार हाय गो तिकडं." ओटा मी स्वतः सारवते, ताई. उतार नाही.

तेव्हा मग मी एक केलं. ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. कुणाच्या बाजूचे केस जास्त गळतात ते बघायचं ठरलं होतं. आई दोन्ही बाजूंच्या गळालेल्या केसांची वेगवेगळी गुंडाळी करून भिंतीतल्या फटीत खोचायच्या (केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला द्यायला). माझी गुंडाळी मोठी होत चालली. जयाची आपली सुपारीएवढी. म्हणून मी एका दुपारी माझ्या फणीतले केस काढून जयाच्या गुंडाळीत नीट गुंडाळून ठेवले. हात हलका होता, काम सफाईदार झालं. रविवारी आईंनी ती गुंडाळी काढली, उजेडात धरली, आणि आधी जयाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. आईंचं डोकं पांढरंशुभ्र आहे, हे मी वर्षानुवर्षं दर रविवारी बघत आले आहे. माझे केस अजून काळे आहेत. जया पटकन म्हणाली, "एरंडेलाने काळे होत असतील, आई." तिने मला सांभाळून घेतलं. याचाच तर जास्त राग आला. वाईट वागली असती तर निदान मला काहीतरी करता आलं असतं.

आता शेवटचा प्रसंग, ज्याच्यामुळे हे पत्र. गेल्या आठवड्यात भागीने मोहाच्या बियांचं तेल आणलं. ताजं, पिवळंधमक, आणि जयाच्या पेटीत ते नव्हतं. ही गोष्ट मी दोनदा खात्री करून घेतली (ती आंघोळीला गेली होती तेव्हा). बुधवारी आईंना मुरबाडला साखरपुड्याला जायचं होतं, म्हणून मंगळवारी संध्याकाळीच मी त्यांना बसवलं. तेल कोमट करून डाव्या बाजूला ओतलं, ओतलं म्हणजे हात राखला नाही. काय मऊ पडले केस, ताई. आई स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या, "वंदे, हे ब्येस हाय." ते ऐकून मी आणखी ओतलं.

बुधवारी पहाटे भूषणने त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. थंडी तुम्हाला माहीत आहे. मोहाचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं, हे भागीने मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आणि आईंचा पदर वाऱ्याने टोकावड्याच्या रस्त्याला लागायच्या आधीच डोक्यावरून उडाला. मुरबाडच्या मांडवात त्या उतरल्या तेव्हा डोक्याची उजवी बाजू चोपून बसलेली आणि डावी बाजू वाऱ्याने जशी वर उचलली तशीच गोठून उभी राहिलेली. नवरीकडच्या म्हातारीने भूषणला बाजूला घेऊन विचारलं, "आईला झटका बिटका येऊन गेला का रं?" त्यांना मांडवात चुलीजवळ बसवलं, तर तेल वितळून नव्या पातळावर उतरलं. फोटोंत तर त्या दोन वेगवेगळ्या बायका दिसतात म्हणे. मी अजून फोटो बघितलेले नाहीत. बघायची इच्छा आहे, पण हे तुम्हालाच सांगते.

घरी आल्यावर आई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मनात म्हटलं, रविवार येतोय. रविवारी मी भांडी न वाजवता घासली, पाय धुतले, ओट्यावर जाऊन डाव्या बाजूला बसले. आई फणी घेऊन आल्या, माझ्यासमोरून गेल्या, आणि जयापुढे बसून दोन्ही बाजू तिला दिल्या. जया म्हणाली, आई, डावीकडचं ताईंचं ना. आई म्हणाल्या, "आता वाटनी नाय." मी उठून आत आले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही, आणि आता ते मिटवायला जागाच राहिली नाही. मला नवऱ्याचा कधी हेवा वाटला नाही, शेजारणीच्या बांगड्यांचा वाटला नाही, तुमच्या फ्लॅटचा एकदा वाटला होता पण जिना बघितल्यावर गेला. आणि या एका म्हातारीच्या पांढऱ्या डोक्यासाठी माझा रात्रंदिवस जळफळाट होतो आहे. लिहायला लाज वाटते, पण लिहिलं.

बाकी सगळं तुम्हाला माहीत आहे. मुलांना अभ्यासाला लावा, गुडघ्याला शेक द्या. वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत घाला असं लिहिणार होते, पण तुमच्याकडे गॅस आहे. तरी बारीक फाडा.

तुमची वहिनी,
वंदना

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. भूषणला रोज इतक्या लांबून थंडीवाऱ्याचं यावं लागतं, माझा जीव तुटतो. तुमच्या बाजूला एखादी खोली भाड्याने मिळते का बघा. दोघांपुरती. लवकर. मी सांगितलं म्हणू नका, तुमच्याच मनात आलं असं म्हणा. जयाला तिथे बाटल्या ठेवायला फळी असली तर उत्तम, म्हणजे ती एकही इथे ठेवून जायची नाही.

ता. क. दुसरा. मुकेशला ताप आहे, कामावर जात नाही, त्यामुळे पत्र अजून माझ्याजवळच आहे. बरं झालं, आठवलं. भाऊजी कल्याणला गेले की बदामाच्या तेलाची लहान बाटली आणायला सांगा. माझ्यासाठी नाही. असंच. बाटलीवरचा कागद काढून पाठवा.

ता. क. तिसरा. आज रविवार. मुकेश उद्या जाणार आहे. सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं, जेवून मी मधल्या घरात भिंतीकडे तोंड करून पडले. जया आली, मला उठवून बसवलं आणि मागे बसून माझा अंबाडा सोडला. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. कुठलं तेल होतं मी विचारलं नाही, वासावरून आपलंच चुलीजवळच्या डब्यातलं वाटलं. ताई, लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मी सगळ्यांची डोकी बघितली, आईंची, मुलांची, तुमच्या दादांची, बाळंतपणात तुमचंही. माझं मीच थापून घ्यायची, स्वयंपाक करता करता. मला मध्येच रडू आलं, ते मी डोकं दुखतंय म्हणून खपवलं. मग कधी झोप लागली कळलं नाही, आणि झोप लागायच्या आधी मी आईंबद्दल काहीबाही बोलले असं जया म्हणते. ती हसत होती.

खोली बघू नका. पहिला ता. क. वाचलाच नाही असं समजा.

ता. क. चौथा, आणि हा सगळ्यात आधी वाचा. मी झोपले होते तेव्हा आई फणी घेऊन मधल्या घरात आल्या होत्या म्हणे. दारातच उभ्या राहिल्या, जयाच्या मांडीवर माझं डोकं बघितलं आणि परत गेल्या. उठून बघते तर स्वतःच्याच हाताने भाजीचं तेल डोक्याला चोपडून ओट्यावर बसलेल्या. जया गेली, मी गेले, कुणालाच हात लावू देईनात. "तुमी दोघी येकमेकीला झाल्या, आता मला कोन हाय," असं म्हणाल्या आणि गाठोडं बांधायला घेतलं. संघीकडे जाते म्हणतात. माझ्यावर कुणी असं जळेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, घटकाभर फार बरं वाटलं. पण रात्री त्या जेवल्या नाहीत. आता बरं वाटत नाही.

तेव्हा येत्या रविवारी तुम्हीच या. गुडघा दुखत असेल तर रिक्षा करून या. आईंच्या मागे बसा आणि त्यांचं डोकं बघा, आम्ही दोघी आत भांडी घासत बसू. तेल कुठलंही आणा. विसरलात तरी चालेल.